टांगेवाला न लागणारे वाहन

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात चिखला नावाचे गाव आहे. मँगनीजच्या भूमिगत खाणीसाठी ते ओळखले जाते. पाळी सुटली की खाणीच्या रस्त्यावर सायकलींची रांग लागायची. आमचे लहानपण ती रांग पाहण्यात गेले. काळी, चोवीस इंची सायकल, कॅरिअरला बांधलेला डबा, हँडलला अडकवलेली पिशवी आणि खनिजाच्या धुळीने माखलेला माणूस. घरी आल्यावर ती सायकल भिंतीला टेकली की आमचा ताबा सुरू होई. आधी कैची, मग दांडीवरून, आणि पाय पुरायला लागल्यावर सीटवर. मागून धरून धावणारे वडील एवढेच ओरडायचे, "खाली नको पाहू रे, समोर पाय!" आणि कधी हात सोडून द्यायचे ते कळायचेही नाही.

पुढे कायदा शिकलो, काळा कोट घातला, आणि एके दिवशी त्याच सायकलीची गाठ कायद्याच्या पुस्तकात पडली. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा १९८९ चा. त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. या दुरुस्तीने कलम ३(१) मध्ये 'झेड ए' हे पोटकलम घातले. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकलवर किंवा मोटारसायकलवर बसण्यास, ती चालवण्यास, पायात चप्पल किंवा अंगात नवे कपडे घालण्यास, लग्नाची वरात काढण्यास, वरातीत घोड्यावर बसण्यास अडवणे हा त्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, आणि दंड.

वाचकहो, हे पोटकलम पुन्हा एकदा वाचा. ज्या देशात सायकलवर बसण्याचा अधिकार एकविसाव्या शतकात कायद्यात लिहावा लागला, त्या देशात सायकलचा इतिहास हा नुसता चाक, साखळी आणि टायर यांचा इतिहास असू शकत नाही. तो कोण वर बसला, कोण खाली राहिला आणि कोणाला उतरवले गेले याचाही इतिहास आहे. आमच्या शाळेच्या पुस्तकांत संशोधकांची नावे असतात, ही दुसरी बाजू नसते. म्हणून हा प्रपंच.

सुरुवात जर्मनीत होते. १८१५ साली इंडोनेशियातील तंबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याच्या राखेने आकाश झाकोळले आणि १८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही. पिके बुडाली, चारा महागला. या टंचाईत घोडे पोसणे अशक्य झाल्याने घोड्याशिवाय चालणाऱ्या वाहनाचा विचार पुढे आला, असे काही इतिहासकार मानतात. कार्ल ड्रेस या वनाधिकाऱ्याने १२ जून १८१७ रोजी मॅनहाइम शहरातून आपले लाकडी दुचाकी यंत्र बाहेर काढले आणि तासाभराच्या आत सुमारे तेरा किलोमीटरची फेरी पूर्ण केली. त्याला पायडल नव्हते, साखळी नव्हती. माणूस मधे बसून दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलायचा. परंतु एका मागे एक अशा दोन चाकांवर माणूस तोल सांभाळून धावू शकतो, हा मूळ शोध त्या दिवशी सिद्ध झाला.

या ड्रेसबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो जन्माने सरदार घराण्यातला होता. १८४९ साली बाडेनमध्ये लोकशाहीसाठी क्रांती झाली तेव्हा त्याने आपली सरदारकीची पदवी टाकून दिली आणि स्वतःला 'नागरिक कार्ल ड्रेस' म्हणवून घेतले. क्रांती चिरडली गेली, त्याचे निवृत्तिवेतन जप्त झाले आणि १८५१ साली तो दारिद्र्यात मेला. जन्माने मिळालेले मोठेपण स्वतःहून टाकणारा माणूस सायकलचा पहिला जनक असावा, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते.

त्यानंतर १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. पिएर मिशो आणि पिएर लालमाँ ही दोन नावे त्यासाठी घेतली जातात. लालमाँने १८६६ साली अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले. लाकडी चाकाला लोखंडी धाव असलेली ही सायकल दगडी रस्त्यावर इतकी आदळायची की इंग्रजांनी तिचे नाव 'हाडे खिळखिळी करणारी' असे ठेवले. पायडल थेट चाकाला जोडलेले असल्यामुळे चाक जितके मोठे तितका वेग जास्त. म्हणून १८७० च्या दशकात पुढचे चाक वाढत वाढत माणसाच्या छातीपर्यंत गेले आणि मागचे चाक ताटाएवढे उरले. जेम्स स्टार्ली याने इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे अशा उंच सायकली बनवल्या. ती खिसा भरलेल्या तरुण पुरुषांची चैन होती. खड्डा आला की स्वार सरळ डोक्यावर आपटायचा. कामगाराला ती परवडत नव्हती, बाईला लांब झग्यात त्यावर बसता येत नव्हते, म्हाताऱ्याला चढता येत नव्हते.

हा प्रश्न सुटला तो १८८५ साली. जेम्सचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' नावाची सायकल आणली. हान्स रेनोल्ड याने १८८० साली मँचेस्टरमध्ये बनवलेली रोलर साखळी तोपर्यंत उपलब्ध झाली होती. साखळीने मागचे चाक फिरवता येऊ लागले. पुढचे दातेरी चक्र मोठे आणि मागचे लहान ठेवले की पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे दोन-तीन फेरे होतात. मग वेगासाठी अवाढव्य चाकाची गरजच उरली नाही. दोन्ही चाके जवळजवळ सारखी झाली आणि स्वाराचा पाय जमिनीला टेकू लागला. एक चाक राजासारखे उंच आणि दुसरे पायाशी, अशी रचना होती तोवर सायकल मूठभरांची होती. चाके समान झाली तेव्हा ती सर्वांची होऊ शकली. चिखल्याच्या रस्त्यावर आम्ही पाहिलेली काळी सायकल हिचीच नात.

१८८८ साली बेलफास्टमधील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचे टायर बनवले आणि पेटंट घेतले. पण दोनच वर्षांत ते पेटंट टिकणार नाही असे निष्पन्न झाले, कारण रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसाने चाळीस वर्षांहून अधिक काळ आधी हीच कल्पना नोंदवली होती. थॉमसनचे नाव आज किती लोकांना ठाऊक आहे? टायरवर डनलॉप छापले गेले आणि तेच जगभर गेले. शोध कोणाचा आणि नाव कोणाचे, हा प्रश्न गोऱ्यांच्या आपसातही असा सुटला. मग ज्यांची नावे कोणत्याच कागदावर नव्हती, त्यांचे काय?

त्यांचीही गोष्ट आहे. टायरला रबर लागते. सायकलचे आणि पुढे मोटारीचे टायर युरोप-अमेरिकेत धडाधड खपू लागले तेव्हा आफ्रिकेतील काँगो हा प्रदेश बेल्जियमच्या दुसऱ्या लिओपोल्ड राजाची जवळजवळ खाजगी मालमत्ता होता. १८८५ ते १९०८ हा त्याचा काळ. जंगलातून ठरलेले रबर आणले नाही म्हणून गावे जाळली गेली, बायकांना ओलीस ठेवले गेले, माणसांचे हात तोडले गेले. लाखो माणसे या राजवटीत मेली. मऊ टायरवरून युरोपची माणसे रविवारी फिरायला निघत होती, तेव्हा त्या टायरसाठी काँगोत हे चालले होते.

आणि सांगाड्याला लागते पोलाद. इथे आमचे चिखला येते. हेन्री बेसेमर याने १८५६ साली स्वस्त पोलादाची पद्धत जाहीर केली खरी, परंतु त्याचे पोलाद तापवून ठोकले की तडकायचे. रॉबर्ट मशेट याने त्यात मँगनीज मिसळले आणि ते कामाचे झाले. मँगनीज पोलादातील गंधकाला बांधून ठेवते, जास्तीचा प्राणवायू काढून घेते. तेव्हापासून आजपर्यंत जगातील पोलादाला मँगनीज लागतेच. सायकलची दांडी, आरे, साखळी, सगळ्यांत ते थोडे थोडे असते. १९३५ साली बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने '५३१' नावाच्या नळ्या बाजारात आणल्या. त्या मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या होत्या. वजनाला हलक्या, ताकदीला पक्क्या. पुढची कित्येक दशके युरोपच्या मोठ्या शर्यती याच नळ्यांच्या सायकलींनी गाजवल्या.

पहिल्या महायुद्धापूर्वीच्या वर्षांत रशियाच्या बरोबरीने जगाला सर्वाधिक मँगनीज पुरवणाऱ्या देशांत भारत होता, आणि त्यात नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्याचा वाटा मोठा होता. १८९६ साली स्थापन झालेली ब्रिटिश कंपनी इथल्या खाणी चालवत होती. १९६२ साली तिच्यापासून 'मॉयल' झाली आणि १९७७ साली ती पूर्णपणे सरकारी मालकीची झाली. आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढीतील बायकांनी उघड्या खाणीतून डोक्यावर टोपल्या वाहिल्या. ते खनिज तुमसरच्या रेल्वेने बंदराकडे आणि बंदरातून विलायतेला गेले. कोणत्या टोपलीतले मँगनीज कोणाच्या सायकलीत गेले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. लिहिले असते तर सायकलच्या शोधकांच्या यादीत शेवटी का होईना, चिखल्याच्या आज्यांची जात-वस्ती आली असती. ज्यांनी पोलादाला बळ दिले, त्या स्वतः मात्र जन्मभर पायीच चालल्या.

आता आपल्या देशात चाकाचा अर्थ काय होता, ते पाहू. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत दोन प्रवास सांगितले आहेत. १९०१ साली ते लहान असताना भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि अट अशी की पोरांनी गाडी हाकायची, तो पायी चालणार. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १९२९ साली, परदेशातून उच्च पदव्या घेऊन आलेले, मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य असलेले डॉ. आंबेडकर चाळीसगावला उतरले. टांगेवाल्यांनी त्यांना न्यायला नकार दिला. वस्तीतील माणसांनी टांगा भाड्याने घेतला, पण तो हाकायला सवय नसलेला आपलाच माणूस बसला. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले.

बैलगाडीला गाडीवान लागतो, टांग्याला टांगेवाला लागतो, पालखीला भोई लागतात. जुन्या प्रत्येक वाहनात तुमच्या आणि रस्त्याच्या मधे दुसरा माणूस होता, आणि त्या माणसाच्या डोक्यात जात होती. सायकल हे आपल्या खेड्यांत आलेले पहिले असे वाहन, ज्याला टांगेवाला लागत नाही. तिला चारा नको, तबेला नको, कोणाचा होकार नको. ज्याचे पाय त्याची गती. अमेरिकेत सुसान अँथनी यांनी १८९६ साली सायकलला स्त्रीच्या मुक्तीचे मोठे साधन म्हटले, त्याचेही कारण हेच. घरच्या पुरुषाने गाडी जोडून देण्याची वाट पाहावी लागत नव्हती.

दुसरी गोष्ट त्याहून कमी लक्षात घेतली जाते. बारा बलुत्यांत सुतार होता, लोहार होता, चांभार होता; सायकल दुरुस्त करणारा नव्हता. मनूच्या कोणत्याही श्लोकात पंक्चर काढण्याचे काम कोणत्या वर्णाचे हे लिहिलेले नाही. म्हणून सायकलचे दुकान हा खेड्यातला जन्मावर न ठरणारा धंदा झाला. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधणाऱ्या पोराला जात विचारून पंक्चर काढून घ्यायला कोणाला परवडत नाही. तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने आपल्या कित्येक वस्त्यांत उभी राहिली, ती यामुळेच.

पण व्यवस्था इतक्या सहज हार मानत नाही. सुरुवातीला सायकली विलायतेहून येत आणि सधनांच्याच घरी दिसत. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ टीआय, सोनिपतला ॲटलस, आसनसोलला सेन-रॅले, लुधियानाला १९५६ साली हिरो असे कारखाने निघाले, आणि सायकल शिक्षकाच्या, पोस्टमनच्या, मजुराच्या आवाक्यात आली. मग गावाने नियम केला, की महारवाड्यातील माणसाने मोठ्यांच्या घरासमोर सायकलवरून उतरायचे. आमच्या आजीचा एक भाऊ दुसऱ्या तालुक्यात राहत असे. गावाचे नाव मुद्दाम घेत नाही. तो सांगे की वाड्याच्या अलीकडे उतरायचे, सायकल हाताने धरून चालत जायचे आणि वळण ओलांडल्यावर पुन्हा बसायचे. सायकल ढकलताना फ्रीव्हील टकटक वाजते. वाड्यात बसलेल्यांना तो आवाज ऐकू आला की समाधान व्हायचे, माणूस उतरला आहे. स्वतःच्या पैशाची सायकल, सरकारचा रस्ता, आणि तरी उतरायचे! १९५५ च्या अस्पृश्यता निवारण कायद्यात सार्वजनिक वाहनाचा उल्लेख होता. स्वतःच्या सायकलीचा नव्हता. तिचे नाव यायला २०१६ उजाडले. ड्रेसच्या त्या पहिल्या फेरीपासून मोजले तर तब्बल १९९ वर्षे!

या देशात सायकलचा सर्वांत मोठा राजकीय उपयोग कोणी केला, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. मान्यवर कांशीरामजींनी १५ मार्च १९८३ रोजी डीएस-फोरच्या वतीने दिल्लीतून शंभर सायकलस्वारांसह यात्रा काढली. सुमारे चाळीस दिवस, सात राज्ये. दोन पाय आणि दोन चाकांची किमया असे त्यांनी त्याला म्हटले. ज्या समाजाकडे पैसा नाही, वर्तमानपत्र नाही, त्याच्याकडे पाय आहेत आणि जुनी का होईना सायकल आहे, हा हिशेब त्यामागे होता. पुढच्याच वर्षी, १४ एप्रिल १९८४ रोजी, पक्ष उभा राहिला. पुढचे राजकारण कोणाला कसे वाटते हा वेगळा विषय. परंतु आपल्याच साधनाने आपण चालायचे, हा धडा तिथे गिरवला गेला.

असाच धडा १९९० च्या दशकाच्या आरंभी तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात स्त्रियांनी गिरवला. साक्षरता मोहिमेत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकण्याची जोड दिली. हजारो बाया सायकल शिकल्या. त्यांत शेतमजूर होत्या आणि दगडखाणीत काम करणाऱ्याही होत्या. टोपल्या वाहणाऱ्या चिखल्याच्या बायांच्या त्या बहिणीच. बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. अभ्यासकांनी मोजले तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्याची योजना आली. गावात सातवीपर्यंत शाळा आणि पुढची शाळा पाच किलोमीटरवर, हेच अंतर आपल्या किती बहिणींचे शिक्षण खाऊन गेले!

आज मोटारसायकल घरोघरी आली आहे, आणि सायकल एकीकडे गरिबाचे लक्षण व दुसरीकडे शहरी श्रीमंताचा व्यायाम झाली आहे. मे २०२० च्या टाळेबंदीत पंधरा वर्षांच्या ज्योती कुमारीने जखमी वडिलांना मागे बसवून गुरुग्रामपासून बिहारमधील दरभंग्यापर्यंत सुमारे बाराशे किलोमीटर सायकल मारली. तिच्या ताकदीचे देशोदेशी कौतुक झाले. त्या मुलीला रेल्वे का मिळाली नाही, हे विचारणारे मात्र थोडे निघाले. त्यानंतर काही दिवसांनी, ३ जूनला, जागतिक सायकल दिनीच, ॲटलसने साहिबाबादचा कारखाना बंद केला.

बाबासाहेबांनी १९४५ सालच्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात यंत्राविषयी स्पष्ट भूमिका घेतली आहे. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. सायकलचा दोनशे वर्षांचा इतिहास याहून वेगळे काही सांगत नाही. यंत्र समतेचे होते, म्हणून रस्त्यावर विषमतेने त्याला अडवले.

तेव्हा शेवटी वकील म्हणून दोन शब्द. आपल्या कोणत्याही मुलाला सायकलवरून किंवा गाडीवरून उतरवले गेले, तर ते 'गावातले भांडण' म्हणून मिटवू नका. तक्रारीत काय घडले ते तारीख, वेळ, जागा आणि साक्षीदारांसह लिहा व कलम ३(१) 'झेड ए' चा स्पष्ट उल्लेख करा. गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी लागत नाही, असे २०१८ च्या दुरुस्तीने १८-अ हे कलम घालून सांगितले आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये ते कायम ठेवले आहे. तक्रार वाचून दाखवणे आणि तिची प्रत देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे; कलम ४ पाहा. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवा. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून जातीचा दाखला हाताशी ठेवा. आणि घरात मुलगी असेल तर तिला सायकल शिकवा. ती पडेल, गुडघा फुटेल, पुन्हा बसेल. मागून धरून धावणाऱ्याने एवढेच सांगायचे, खाली पाहू नको, समोर पाहा.